घुम्याचे हात

मी अक्षरं काढतो. चित्रकथेत माणसांच्या तोंडातून फुगे निघतात ना, त्यांच्या आतली. लोकांना वाटतं ती आपोआप छापली जातात. आमच्या साप्ताहिकात सात वर्षं तुफानच्या तोंडी जे जे आलं, "थांब, दुष्टा!" पासून "अरे देवा, पूल कोसळतोय!" पर्यंत, ते सगळं मी हाताने काढलंय. पूर्वी हे मी फुशारकी म्हणून सांगायचो. आता एवढ्यासाठी सांगतो, की पुढे जे झालं ते कुणी केलं याबद्दल कुणाचा गोंधळ उडायला नको.

आमचं कार्यालय छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली यंत्र सुरू झालं की वर टेबलावरच्या शाईच्या बाटल्या थरथरायच्या. माणसं तीन. एक संपादक, तेच कथाही लिहायचे. दुसरे चित्रं काढणारे मास्तर. तिसरा मी. मास्तर माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, चष्म्याची भिंगं ही एवढी जाड, आणि बोलणं दिवसाला मोजून दहा वाक्यं. मला ते 'टिंब्या' म्हणायचे, कारण एखाद्या अनुस्वाराचं टिंब गोल आलं नाही तर मी अख्खा फुगा फाडून पुन्हा लिहायला बसायचो.

तुफान आमचा नायक. छाती पुढे, केस वाऱ्यावर, अक्कल जेमतेम. पण अंक खपायचा तो घुम्यामुळे. घुम्या म्हणजे खलनायक. काळा मुखवटा, डोळ्यांच्या जागी दोन फटी, तोंडाच्या जागी काहीच नाही, आणि हातांत पांढरे शुभ्र हातमोजे. तो शहरातली घड्याळं बंद पाडायचा, गाड्यांची चाकं पळवायचा, धरणाच्या भिंतीवर जाऊन नुसता उभा राहायचा. बोलायचा मात्र नाही. पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत एक शब्द नाही. ही कल्पना मास्तरांची. संपादक खूश झाले, तेवढंच लिहायचं काम कमी. मुलांची पत्रं यायची, "घुम्याला नेमकं हवंय तरी काय?" संपादकांनाही ते माहीत नव्हतं. त्यांनी एकदा मास्तरांना विचारलं, तर मास्तर म्हणाले, "कळेल." त्यालाही पाच वर्षं होऊन गेली होती.

मला हा घुम्या पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपायचा. सगळ्या अंकात लोकांचा लाडका कोण, तर हा. आणि त्याच्या तोंडी माझं एक अक्षर नाही! मी म्हणजे लग्नाला बोलावलेला आणि मांडवाबाहेर बसवलेला पाहुणा.

आमची कामाची पद्धत अशी. मास्तर जाड कागदावर पान काढून, शाई फिरवून माझ्याकडे द्यायचे. मी वेगळ्या पातळ कागदावर संवाद लिहायचो, फुगे कात्रीने कापायचो आणि पानावर डिंकाने चिकटवायचो. मग पान खाली छपाईला. फुगा कुठे बसवायचा याचा नियम एकच: चेहरा झाकायचा नाही. बाकी आभाळ, भिंत, पाय, हात, जे मोकळं सापडेल ते माझं. आता आमच्या संपादकांची लेखणी अशी, की तुफान दहाव्या मजल्यावरून खाली पडत असतानाही आपला पुढचा बेत चार ओळींत समजावून सांगणार. एवढे मोठे फुगे मी बसवू कुठे? समोर घुम्या उभा असायचा, त्याचे हात पुढे केलेले असायचे, आणि माझा फुगा नेमका तिथे पडायचा.

"टिंब्या, हात झाकू नकोस," मास्तर म्हणायचे.

"मग कुठे लावू, माझ्या कपाळावर?"

"वर जागा सोडलीय."

"तिथे शीर्षक येतं, मास्तर. आणि हातात असं काय ठेवलंय? हात सगळेच काढतात."

पहिल्या वर्षी असं चार-पाच वेळा झालं. मग त्यांनी सांगणं सोडून दिलं. ते हात कधी चौकटीच्या उजवीकडे काढायचे, कधी खाली, कधी छातीशी. माझे फुगे त्यांच्या मागे मागे. कधी हात वाचायचे, कधी अर्धे, कधी नाहीच. मला वाटायचं, मास्तरांना आपल्या हातांचा गर्व आहे. मला स्वतःला कसला गर्व आहे ते मी कधी बघितलं नाही.

मग तो वाचकमेळावा झाला. एका वाचनालयाच्या सभागृहात मुलं जमली होती. मास्तरांपुढे ही भली मोठी रांग, प्रत्येकाला घुम्या काढून हवा. मी शेजारच्या खुर्चीवर पेन उघडून बसलेलो. तासाभराने एक मुलगी माझ्यापुढे आली. सात-आठ वर्षांची असेल.

"तुम्ही काय करता?"

"मी अक्षरं काढतो."

ती जरा विचारात पडली. "पण अक्षरं तर मशीन काढतं ना?" म्हणाली, आणि मास्तरांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मागे कुणीतरी हसलं. मी पेनचं टोपण लावलं. लहान पोरीच्या बोलण्याने माणसाने किती दुखावून घ्यावं? मी पुरता आठवडा दुखावून घेतलं.

त्याच आठवड्यात मास्तरांनी चालू अंकाचं शेवटचं पान माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "हे जपून कर हं." सात वर्षांत असं ते पहिल्यांदा म्हणाले. पानावर एका ओळीत तीन चौकटी. तिन्हींत घुम्या एकटा, समोर तोंड करून उभा, दोन्ही हात पुढे. तुफान चौकटीच्या बाहेरून ओरडत होता, म्हणजे नुसता आवाज. आणि वर आभाळ मोकळं. माझ्या तिन्ही फुग्यांना पुरून उरेल एवढं आभाळ मास्तरांनी मुद्दाम सोडलं होतं. ते मी पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं.

मी तिन्ही फुगे तिन्ही वेळा हातांवर बसवले. मोजून, मधोमध, बोटाचं टोकही दिसणार नाही असे. डिंक जरा जास्तच लावला. मास्तर घरी गेलेले, संपादकांनी वरवर बघितलं, पान खाली गेलं. त्या दिवशी मी जिना शीळ घालत उतरलो. ती शीळ आठवली की अजून मान खाली जाते.

दोन-तीन आठवड्यांनी मास्तरांनी काम सोडलं. डोळे थकले म्हणाले. सगळ्यांना खरंच वाटलं, चष्मा तसाच होता. संपादकांनी घुम्याला कड्यावरून ढकलून संपवलं आणि दुसरा चित्रकार आणला. हा चित्रकार वर जागा सोडायचा. मला कसलीच तक्रार उरली नव्हती.

आठ महिने गेले. एका दुपारी मी एकटाच होतो, संपादक कागदवाल्याकडे गेले होते. एक बाई जिना चढून वर आल्या. पन्नाशीच्या आसपास, खांद्याला कापडी पिशवी, गळ्यात शिवणकामाची टेप तशीच राहून गेलेली. मी "या, बसा" म्हटलं, तर त्यांनी कानाला हात लावून नकारार्थी मान हलवली आणि पिशवीतून वही काढून माझ्यापुढे लिहिलं:

"मला ऐकू येत नाही. लिहून बोलू. घुम्या काढायचा तो माझा दादा."

मग त्यांनी पिशवीतून अंकांचा गठ्ठा काढला. सात वर्षांचे अंक, क्रमाने लावलेले. त्यातला एक उघडला. तेच पान. त्यांनी माझ्या तीन फुग्यांवर एकेक बोट ठेवलं आणि लिहिलं, "याच्या खाली काय आहे?"

मी अंकाची दुमडलेली कड सरळ करत बसलो. त्यांना वाटलं मला समजलं नाही. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि सविस्तर लिहायला बसल्या. मी उलट्या बाजूने, त्या लिहीत असतानाच वाचत होतो.

लहानपणी त्यांच्यासाठी शाळा नव्हती. दादाने आणि त्यांनी मिळून हातांच्या खुणा तयार केल्या होत्या. घरातल्या घरात, दोघांपुरत्या. आईलासुद्धा त्यातल्या अर्ध्याच यायच्या. मोठेपणी या ताई लांब राहायला गेल्या, शिवणकाम करू लागल्या. आई आजारी पडली, दवाखान्यात चार दिवस होती, आणि दादाने कळवलं नाही. फोनवर सांगता येत नाही, तार आली तर घाबरेल, येऊन तरी काय करणार, असं म्हणत म्हणत चार दिवस गेले. ताई आल्या तेव्हा घरात आईचा नुसता पलंग होता. "सगळ्यांनी मला आयुष्यभर बाजूला ठेवलं. दादानेही ठेवलं," असं त्यांनी लिहिलं होतं. त्यांनी त्याला दार बंद केलं. त्याची पत्रं न उघडता परत पाठवली. पण दुकानात माप द्यायला येणाऱ्या बायकांच्या पोरांसाठी आमचं साप्ताहिक यायचं, आणि एके दिवशी त्यांना दिसलं, की मुखवटा घातलेला एक दुष्ट माणूस त्यांच्या घरच्या खुणांनी बोलतोय.

सात वर्षं तो बोलत होता. आई शेवटी काय म्हणाली, कुणाची आठवण काढली, आपण कसे भित्रे निघालो, ते सगळं. एका अंकात एक-दोन शब्द, फार तर तीन. ताई दर आठवड्याला अंक उघडून आधी हात शोधायच्या. उत्तर दिलं नाही, पण एकही अंक चुकवला नाही.

"कधी कधी शब्द झाकलेला असायचा," त्यांनी लिहिलं. "आईचं शेवटचं वाक्य मला अर्धंच कळलंय. मी म्हणायचे, असू दे, पुढे सांगेल. मग हे पान आलं. मग तो थांबला."

माझे कान तापले. घुम्याला चेहरा नव्हता, तोंड नव्हतं, मग त्याचा चेहरा कुठे होता हे सात वर्षं पान समोर घेऊन बसणाऱ्या मला कळू नये? चेहरा झाकायचा नाही हा धंद्याचा एकच नियम, आणि मी दर आठवड्याला तोच मोडत होतो.

इथे एखाद्या बऱ्या माणसाने खरं सांगितलं असतं. मी वही ओढली आणि लिहिलं, "छापखान्यात चूक झाली असावी. फुगे सरकले असतील, असं वाटतं."

ताईंनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्या लक्षात आलं, की त्या शब्द वाचतच नाहीयेत. त्यांनी अंक उचलून वहीला चिकटून ठेवला. वहीतल्या 'झ'वर बोट ठेवलं, मग अंकातल्या 'झ'वर. वहीतलं टिंब, अंकातलं टिंब. खोटं लिहितानासुद्धा मी टिंब गोल काढलं होतं. खाली त्यांनी लिहिलं:

"हे तुम्हीच. तुफान, पोलीस, पुलावरची माणसं, सगळी तुमच्या हातचं बोलतात. सात वर्षं मी दादाच्या शेजारी तुम्हाला वाचतेय. अक्षर फार सुंदर आहे."

उभ्या आयुष्यात माझं अक्षर ओळखणारं एक माणूस भेटलं, ते असं. कुणी थोबाडीत मारली असती तरी बरं वाटलं असतं.

मी मूळ पानांचं कपाट उघडलं. ते पान काढून टेबलावर ठेवलं, वाटीत पाणी घेतलं आणि ब्रशने पहिल्या फुग्याच्या कडा भिजवायला लागलो. ताई वाकून बघत होत्या. डिंक जास्त लावलेला, त्यामुळे सुटता सुटेना. ओढलं तर खालची शाई निघून येणार. अर्धा तास मी पाणी सोडत होतो आणि ब्लेडच्या पाठीने कागद उचलत होतो. एवढं जपून मी त्या आधी कधी काही केलं नव्हतं. माझे "थांब, दुष्टा!" विरघळून वाटीत काळं पाणी जमलं.

पहिल्या चौकटीत एक तळवा दुसऱ्या तळव्यावर आडवा पडलेला. ताईंनी लिहिलं, "झोप. म्हणजे रविवार. त्या दिवशी आई उशिरापर्यंत झोपू द्यायची." दुसरीत दोन्ही तळवे शेजारी शेजारी उभे, मध्ये बारीक फट. "दार." तिसरीत एक तळवा सपाट, त्यावर दुसऱ्या हाताची दोन बोटं पायांसारखी उभी. करंगळीची थोडी शाई फुग्याबरोबर गेली होती, पण कळत होतं. "उभा."

त्यांनी तिन्ही शब्द एका ओळीत लिहिले. रविवारी दारात उभा राहीन. पेन तसंच कागदावर टेकून राहिलं, तिथे शाईचा ठिपका पसरत गेला. मग लिहिलं, "अंक आला त्या रविवारी मी घरातच होते. मशीनवर. पाठ दाराकडे." आणि खाली, "तो आला होता?"

मी लिहिलं, "मला माहीत नाही." हे मात्र खरं होतं.

त्यांनी वही पिशवीत टाकली, खुंटीवरची माझी छत्री काढून माझ्या हातात दिली आणि जिन्याकडे बोट केलं. मी घड्याळ दाखवलं, किल्ल्या दाखवल्या, संपादक यायचेत असे हातवारे केले. त्या नुसत्या बघत राहिल्या. त्या बघण्यापुढे माझे हातवारे मलाच केविलवाणे वाटायला लागले. मी कुलूप लावलं.

मास्तरांचं घर बसने सहा थांबे. ताई पुढच्या बाकावर, मी मागच्या. सगळा रस्ता मी मनात वाक्यं जुळवत होतो. प्रत्येक वाक्यात कुठे ना कुठे 'चुकून' हा शब्द येत होता, आणि प्रत्येक वेळी तो मीच खोडत होतो.

मास्तर तिसऱ्या मजल्यावर राहायचे. मी बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं, आधी मी दिसलो, "टिंब्या?" म्हणाले, आणि मग माझ्या मागे ताई दिसल्या. ते बाहेर आले. पायांत चप्पल नाही, चष्मा कपाळावर. ताईंच्या समोर येऊन हात खाली सोडून उभे राहिले. एक खूण केली नाही. ताईंनीही नाही. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"मास्तर," मी म्हणालो, "त्या शेवटच्या पानावर मी फुगे हातांवर लावले. तिन्ही. ताईंनी ते वाचलंच नाही. आज दुपारी वाचलं."

मास्तरांनी चष्मा खाली घेतला. "तिन्ही?"

"तुम्ही वर जागा सोडली होती, ती मला दिसली होती. मुद्दाम लावले. मेळाव्यात सगळे तुमच्याकडे आले, माझ्याकडे कुणी आलं नाही, म्हणून. दुसरं काही कारण नाही." बोलून टाकल्यावर ते कारण इतकं क्षुल्लक ऐकू आलं, की मला जिन्यावरून खाली पळून जावंसं वाटलं.

"छापलेला अंक मी उघडतच नव्हतो," मास्तर सावकाश म्हणाले. "तुझे फुगे कुठे बसले असतील ते बघवायचं नाही. मला वाटलं, तिने वाचलं." ते ताईंकडेच बघत होते. "त्या रविवारी तिच्या दारात दहापासून पाचपर्यंत उभा होतो. बटण दाबलं की तिच्याकडे आत दिवा लागतो. दाबलं नाही. म्हटलं, उघडायचं असेल तर उघडेल. नाही उघडलं. बरोबरच आहे म्हटलं."

"मास्तर, शिव्या द्या मला. काहीतरी बोला."

त्यांनी नुसती मान हलवली. दहा वाक्यांचा माणूस, आजची संपली असावीत.

"निदान ताईंना माफी मागायची खूण दाखवा. मी करतो. एकदाच दाखवा."

"आमच्यात ती खूण नाही रे."

"म्हणजे?"

"बनवलीच नाही. चुकलं की दुसऱ्याच्या समोर जाऊन उभं राहायचं. तोंड लपवायचं नाही. त्याने हाताला धरून ओढेपर्यंत."

तेव्हा मला कळलं की ते आता काय करत आहेत, आणि त्या रविवारी दहा ते पाच काय करत होते. ताईंना आमचं बोलणं ऐकू आलं नव्हतं. त्यांना ऐकायची गरजही नव्हती. त्यांनी पुढे होऊन मास्तरांचं मनगट धरलं आणि त्यांना त्यांच्याच घरात ओढत नेलं.

दार उघडंच राहिलं. आत टेबलाशी दोघं समोरासमोर बसले आणि चार हात हलायला लागले, आधी अडखळत, मग इतके भराभर की बघणाऱ्याला काही समजू नये. मास्तर मध्येच चष्मा पुसायचे, तेवढा वेळ ताई त्यांच्या हातांची वाट बघायच्या. एकदा ताईंनी अर्धी खूण करून हात हवेतच थांबवला. आईचं ते अर्धं वाक्य असावं. मास्तरांनी ते पुरं केलं. ताईंनी तोंडावर पदर धरावा तसे दोन्ही तळवे धरले.

मला कुणी ये म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. बऱ्याच वेळाने ताई पाणी घ्यायला उठल्या. त्यांनी दाराकडे बघितलं, मी होतो तिथेच होतो. त्या पाणी घेऊन परत टेबलाशी जाऊन बसल्या. मी छत्री भिंतीला टेकवली, हात खाली सोडले आणि तोंड वर करून उभा राहिलो.